सासूबाई, सार्जंट आणि बायसनचं ब्रिस्केट

"ब्रिस्केट मी करतो," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात घास होता. घास गिळावा आणि मग बोलावं, असं आई लहानपणी सांगायची. ते ऐकलं असतं तर माझं गिळून होईपर्यंत दुसरं कोणीतरी बोललं असतं, आणि आज ही गोष्ट मी तुम्हाला त्याच्याबद्दल सांगत बसलो असतो. पण माझं नशीब मला घाई करायला लावतं.

झालं होतं असं, की माझ्या बायकोने, ट्वायलाने, आहारशास्त्राची पदवी मिळवली होती. दवाखान्यातली नोकरी सांभाळून, कॉलेजासाठी दर आठवड्याला अर्धी प्रेअरी, म्हणजे इथलं अफाट गवताळ माळरान, तुडवून, शिवाय मला सांभाळून (यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड, असं ती चारचौघांत सांगते). तिच्या मानासाठी सासूबाईंनी गावजेवण घालायचं ठरवलं. टोळीच्या कळपातला एक बायसन, म्हणजे इकडचा केसाळ गवा, मिळाला. जेवणाच्या टेबलाशी कामांची वाटणी चालली होती. सूप मावश्यांकडे, चोकचेरीच्या रानफळांचा गोड रस्सा चुलतबहिणींकडे. राहिलं ब्रिस्केट, म्हणजे पुढच्या दोन पायांमधलं छातीचं मांस. ते वडीलधाऱ्यांच्या टेबलावर जायचं होतं.

"आणि दाजी?" कोणी विचारलं नव्हतं, तरी माझा मेव्हणा डेल्मार म्हणाला. "दाजींना खुर्च्या लावू द्या. खुर्च्या करपत नाहीत."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. पलीकडे स्वयंपाकघरात सासूबाई होत्या. भांडं विसळण्याचा आवाज थांबला. ट्वायला उठून आत गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

"आई म्हणते, बरं."

आता या 'बरं'ची किंमत तुम्हाला कळायची तर एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा लाकोटांमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या आमच्या टोळीत, जावई आणि सासू एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचंही नाही. हल्ली पुष्कळ घरांतून ही रीत सुटली, पण आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. एकाच घरात राहून इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा धड पाहिलेला नाही. त्या आल्या की मी उठतो, मी आलो की त्या भिंतीकडे तोंड करतात. पाठमोऱ्या सासूबाईंना मात्र मी हजार बायकांतून ओळखीन. दुकानात कोणाला हे सांगितलं, की शेजारपाजारचे नवरे माझा हेवा करतात. त्यांना कल्पना नाही, की जी बाई तोंडाने काही बोलत नाही तिची पाठ किती बोलते. मी अंगणात खिळा ठोकत असलो आणि तो वाकडा गेला, की त्या पाठीला समजतं.

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर एकही काम सोपवलं नव्हतं. आणि आज 'बरं'. पोरीच्या मानाच्या दिवशी, म्हाताऱ्यांच्या पानातलं मांस. मला रात्रभर... नाही, झोप चांगली लागली. पण झोपण्यापूर्वी मी बराच वेळ छताकडे बघून हसत होतो, असं ट्वायला म्हणते.

सासूशी बोलायचं नाही तशी मेव्हण्याची दुसरी रीत आहे. मेव्हण्यामेव्हण्यांनी एकमेकांची थट्टा करायची. करायचीच. न करणं म्हणजे अपमान. डेल्मार माझा अपमान कधीच करत नाही. गेल्या हिवाळ्यात तो मला गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दाजी, आईचा निरोप आहे. बर्फ पडायच्या आत घोड्याची शेपटी कापून घ्यायला सांगितलंय, चिखल लागतो." सासूबाईंचा निरोप म्हटल्यावर मी कात्री घेऊन निघालो. व्यवस्थित, सरळ रेषेत कापली. घोडा शेजाऱ्यांचा होता. सासूबाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला, की डेल्मारने आईचं नाव घेतलं की कान बंद करायचे. हा खडा लक्षात ठेवा, कारण मी तो ठेवला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

ब्रिस्केट मला येत नव्हतं असं नाही. सैन्यात असताना मी टेक्ससला होतो आणि तिथल्या लोकांकडून गाईचं ब्रिस्केट शिकून आलो होतो. मीठ-मिरी चोळायची, स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीत, ठेवायचं, झाकण लावायचं आणि दिवसभर त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. गाईच्या ब्रिस्केटवर बोटभर चरबीचा थर असतो. ती वितळत राहते आणि मांस आपोआप लुसलुशीत होतं. करणाऱ्याने फक्त खुर्ची घेऊन बसायचं. माझ्या स्वभावाला इतका जुळणारा पदार्थ दुसरा नाही.

स्मोकरही मी स्वतः केला होता. एक जुनं पिंप भाजून, घासून स्वच्छ केलं, आडवं केलं, चार पाय लावले, धुराला नळी काढली, वर झाकण. ट्वायलाच्या मते ते अंगणात उभ्या राहिलेल्या डुकरासारखं दिसतं. पण मला त्याचा अभिमान होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते झाकण उघडून दाखवत असे.

आणि बायसनच्या मांसाबद्दल मला जितकं पाठ होतं तितकं वस्तीत कोणालाही नसेल. कारण ट्वायला परीक्षेचा अभ्यास मोठ्याने करायची, आणि मला साखरेचा आजार असल्यामुळे उदाहरण म्हणून समोर मी असायचो. गाईच्या मानाने चरबी कितीतरी कमी. प्रथिनं भरपूर. लोह भरपूर, म्हणून तर रंग इतका गडद. जस्त आहे, ब बारा जीवनसत्त्व आहे. आपले आजे-पणजे हे खात होते तेव्हा त्यांना साखरेचा आजार माहीत नव्हता, तळलेली भाकरी आली आणि सगळं बिघडलं (हे म्हणताना ती माझ्या पोटाकडे बघायची). हे सगळं मी घडाघडा म्हणून दाखवू शकत होतो. फक्त चरबी कमी म्हणजे ती वितळायलाही कमी, एवढा एक विचार माझ्या डोक्यात आला नाही. तो प्रश्न परीक्षेत नव्हता.

जेवणाच्या दिवशी उजाडतानाच मी आग पेटवली. रानप्लमचं लाकूड, मंद आच. सगळं टेक्ससप्रमाणे. दोन्ही तुकडे आत ठेवले, झाकण लावलं आणि खुर्ची घेऊन बसलो. ट्वायला गावजेवणाचा हॉल सजवायला निघाली. जाताजाता म्हणाली, "काही अडलं तर आईला विचार." मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे, विचारून घे कोणाकडून तरी."

थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या. घडीची खुर्ची माझ्याकडे पाठ करून मांडली आणि गोधडी शिवायला बसल्या. त्यांच्या पायाशी आमचा कुत्रा, सार्जंट, येऊन लवंडला. मी टोपी डोळ्यांवर ओढली. आम्ही दोघं एकाच अंगणात, एकमेकांना पाठी देऊन, मोठ्या मानाने बसलो होतो. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे धूर आणि वास त्यांना मिळत होता. दोन-तीनदा त्यांनी हवेत नाक वर केलं. माझ्या मसाल्याचं ते कौतुक असावं असा मी अर्थ लावला.

मग घरातून डेल्मार आला. माझ्याजवळ उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "दाजी, आईचा निरोप आहे."

"बोल."

"आई म्हणते, हे गाईचं नाही. उघडं ठेवू नका. झाकून घ्या, फॉइलमध्ये नाहीतर भांड्यात."

"झाकण आहे की स्मोकरला."

"तसं नाही. मांसालाच गुंडाळायचं."

"थंडी वाजत असेल त्याला," मी म्हणालो. "गोधडी शिवून होतेय तेवढ्यात."

डेल्मार गेला. सासूबाईंशी काही बोलला. परत आला.

"आई म्हणते, निदान आत पाण्याचं भांडं तरी ठेवा."

"आणि साबण?"

"दाजी, मी थट्टा करत नाहीये."

"घोड्याच्या वेळीही नव्हतास."

आयुष्यभर खोटे निरोप दिलेल्या डेल्मारवर एक खरा निरोप द्यायची पाळी आली होती आणि तो खपत नव्हता. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं, मनातून मजा वाटली. वाटलं, चला, आज आपण फसलो नाही. तो पुन्हा जाऊन आला. या वेळी त्याच्या हातात फ्रीजमधली पिशवी होती. त्यात मूत्रपिंडाजवळची पांढरी चरबी.

"आई म्हणते ही वरून लावा. मांसाला स्वतःची चरबी नाही, तर वरून द्यावी लागते."

आता मात्र मी खुर्चीतून उठलो. "डेल्मार," मी म्हणालो, "तुझी बहीण इतकी वर्षं काय शिकली माहीत आहे? चरबी कमी. हेच शिकली. त्याचीच पदवी मिळाली म्हणून हे जेवण आहे. आणि तिच्याच जेवणात मी मांसाला वरून चरबी चोपडू? लोक काय म्हणतील?" मग मी त्याला लोह आणि जस्ताबद्दलही सांगितलं. ब बारावर आलो तेव्हा तो पिशवी खुर्चीवर ठेवून पायरीवर जाऊन बसला होता.

इतक्यात ट्वायलाचा फोन आला.

"कसं चाललंय?"

"फर्स्टक्लास."

"आई काय करतेय?"

मी तिरक्या नजरेने पाहिलं. "कुत्र्याशी बोलतेय."

"कुत्र्याशी काय बोलतेय?"

"ते मी कशाला ऐकू? बरं दिसत नाही."

"व्हर्डेल," ट्वायला शांतपणे म्हणाली, "कुत्र्याचं ऐक." आणि फोन ठेवला.

खरं सांगतो, तेव्हा मला वेगळीच काळजी लागली होती. सासूबाई मोठ्याने, अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून कुत्र्याला सांगत होत्या, "सार्जंट, तुला म्हणून सांगते बाबा, बायसनचं मांस लवकर शिजतं. गाईइतका वेळ दिला तर वाळून जातं. तुझ्या जागी मी असते तर आत्ता उठले असते आणि झाकण उघडून बघितलं असतं." सार्जंट कान हलवत होता. म्हटलं, म्हातारी थकली. पोरीच्या शिक्षणाची काळजी, जेवणाचा ताण, शेवटी मनावर परिणाम झाला. कुत्र्याला स्वयंपाक शिकवायला लागली. ट्वायलाला हे आजच्या दिवशी कसं सांगावं, याचा विचार करत मी आणखी दोन लाकडं आत सरकवली.

"आणखी लाकडं घालू नको, सार्जंट," सासूबाई म्हणाल्या.

सार्जंट झोपला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी हळूच उठलो आणि झाकण उघडलं.

आत जे होतं ते मी ठेवलं होतं तेच होतं, एवढं आकारावरून ओळखता येत होतं, पण निम्मं. बाकीचं कुठे गेलं कोण जाणे. रंग बुटाचा. काटा टोचायला गेलो, तो टोचेना. जरा जोर केला, तर काट्याचा एक दात वाकला. चिमट्याने एक तुकडा उचलून लाकडी फळीवर ठेवायला गेलो, तो निसटून जमिनीवर पडला. आवाज ऐकून सार्जंट जागा झाला, जवळ आला, हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत जाऊन झोपला. हा कुत्रा एकदा माझा बूट खाऊन गेलेला आहे.

मी डेल्मारकडे पाहिलं. म्हटलं, बोल बाबा, काय बोलायचं ते. खुर्च्यांवरून बोल, बुटावरून बोल. तो नुसता उठून उभा राहिला. मेव्हणा थट्टा करेना, तेव्हा प्रकरण किती बिघडलंय ते मला कळलं.

मला हॉल दिसायला लागला. पहिल्या टेबलावर सगळी म्हातारी माणसं. ऑर्व्हिलकाका, जे सगळ्या कार्यक्रमांत पुकारा करतात, त्यांनी नुकतीच दवाखान्यातून नवी कवळी आणली होती आणि ती सगळ्यांना काढून दाखवत होते. ती कवळी या मांसात रुतून बसलेली मला दिसली. म्हाताऱ्यांनी घास टाकला की सुपालाही कोणी हात लावणार नाही. आमच्याकडे आधी त्यांनी जेवायचं, मग बाकीच्यांनी उठायचं. वर्षानुवर्षं दवाखान्यात ट्वायला या माणसांना सांगत आलेली, की आपलं बायसनचं मांस खा, आपल्याला तेच मानवतं. आणि आज तिच्याच मानाच्या दिवशी ती म्हणणार, घ्या. आणि त्यांनी चावायचं. ते माझ्यामुळे. मला खरंच रडू यायला लागलं. सासूबाईंच्या त्या एका 'बरं'ची मी माती केली होती.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी टोपी ओढून घेतली आणि पाठ फिरवली. तिरप्या डोळ्याने जमिनीवर सावली दिसत होती. सासूबाईंनी डोक्यावरून शाल घेतली होती, पार नाकापर्यंत, आणि त्या उलट्या पावलांनी, पाठीने, स्मोकरकडे येत होत्या. ट्रक मागे घ्यावा तशा, न थांबता, सरळ.

"सार्जंट," त्या म्हणाल्या, "ते खाली पडलेलं उचल आणि धुऊन काढ."

मी उचललं आणि धुऊन काढलं. सैन्यात असल्यामुळे सार्जंटच्या नावाने आलेला हुकूम मानायला मला जड गेलं नाही.

"धारदार सुरी घे. रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघ. त्यांना आडवं कापायचं. उभं कापलंस तर दोरखंड निघेल."

मी आडवं कापायला लागलो. कापायला म्हणजे करवतायला.

"पातळ, सार्जंट. वहीच्या पानासारखं."

"सार्जंट," मीही कुत्र्याकडे बघून म्हणालो, कारण उत्तर तर द्यायला हवं होतं, "त्यांना सांग, सुरी चालत नाहीये."

"सार्जंट, जावयांना सांग, मनगट हलवा म्हणावं, खांदा नाही. लाकूड नाही तोडत आपण."

अशी आमची सुरुवात झाली. त्या पाठमोऱ्या, मी पाठमोरा, मध्ये फळी. त्या हात मागे करून मांस घ्यायच्या, मी हात मागे करून द्यायचो. एकदा अंदाज चुकून आमच्या पाठी एकमेकींना लागल्या. दोघंही दचकलो आणि दोघांनीही कुत्र्याची माफी मागितली.

सगळं नीट चाललं होतं, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे ससा दिसला. सार्जंट गेला. बघताबघता दिसेनासा झाला.

आम्ही जागच्या जागी थांबलो. माझ्या हातात सुरी, त्यांच्या हातात पातेल्याचं झाकण. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, आणि मध्ये कुत्रा नव्हता. वारा वाहत होता. सासूबाईंनी घसा खाकरला. मीही खाकरला. यापुढे रीत जाऊ देत नव्हती.

"डेल्मार," शेवटी सासूबाई म्हणाल्या, "इकडे ये आणि कुत्र्याच्या जागी उभा राहा."

डेल्मार येऊन उभा राहिला. कुत्रा जिथे होता अगदी तिथे. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या मेव्हण्याने मला जसाच्या तसा निरोप दिला. "हाडांचं पाणी सकाळपासून शेगडीवर ठेवलंय, ते आणा," असं त्या म्हणाल्या, तर "हाडांचं पाणी सकाळपासून शेगडीवर ठेवलंय, ते आणा," असंच तो म्हणाला. एक शब्द जास्त नाही. मी आत गेलो तर खरोखरच शेगडीवर मोठं पातेलं, वर तवंग, खाली हाडं. सकाळपासून. म्हणजे सकाळी, मी पहिलं लाकूड पेटवलं तेव्हाच, त्यांनी हे ठेवलं होतं. मला वाईट वाटावं की बरं वाटावं ते कळेना. मी पातेलं उचललं आणि बाहेर आणलं.

मांसाची पानं त्या पाण्यात घातली. ती पांढरी चरबी, जिच्यावर मी भाषण केलं होतं, तिचे गोळे वर सोडले.

"चरबी कमी हवी ना, पण?" मी डेल्मारला विचारलं. मला पदवीची काळजी होती.

"चरबी कमी हवी ना, पण?" डेल्मार आईला म्हणाला.

"कमी म्हणजे एवढी," सासूबाई म्हणाल्या. "शून्य म्हणजे चप्पल. आणि ट्वायलालाही हेच विचारा, ती हेच सांगेल."

"कमी म्हणजे एवढी, शून्य म्हणजे चप्पल," डेल्मार मला म्हणाला, आणि तेव्हा मात्र त्याच्या तोंडाचा कोपरा थरथरला.

रानकांदा पडला, वाळवलेला मका पडला. वर झाकण, झाकणावर दगड. मंद आच. "आता कोणीही झाकण उघडू नका," असा निरोप आला. मी पातेल्यासमोर बसलो आणि पहिल्यांदाच योग्य वेळी झाकण उघडलं नाही. जेवण दुपारी बाराचं होतं. आमच्याकडे बाराचं म्हणजे सूर्य कलायला लागला की लोक घरून निघतात. या सवयीबद्दल सरकारी माणसं आम्हाला नावं ठेवतात. त्या दिवशी त्याच सवयीने माझी अब्रू राखली.

हॉलमध्ये मी भिंतीला टेकून उभा होतो. वडीलधाऱ्यांच्या टेबलावर ताटं गेली. ट्वायला नव्या पोशाखात, कानांत मण्यांच्या कुड्या, मधोमध बसली होती. ती माझ्याकडे बघून हसली. मांसाचं काय झालं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. ऑर्व्हिलकाकांनी पहिला घास घेतला. जबडा हलला. थांबला. मग जबडा पुन्हा हलला आणि त्यांनी शेजारच्या म्हातारीला म्हटलं, "धुराचा वास असलेलं सूप मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. आणखी आहे का?" शेजारी दूरच्या वस्तीतून आलेल्या फिलोमीन आजी होत्या. त्या बोलल्याच नाहीत, कारण त्यांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी नुसतं ताट पुढे केलं.

म्हातारे जेवले, मग सगळी वस्ती जेवली. पातेलं पुसून गेलं. ट्वायला मला येऊन म्हणाली, "व्हर्डेल, तू हे केलंस?" मी म्हणालो, "आम्ही दोघांनी." तिला वाटलं, मी आणि डेल्मार.

मग देणगीचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्याकडे ज्याचा मान असतो त्याने घ्यायचं नसतं, त्याच्या घरच्यांनी द्यायचं असतं. गोधड्या, शाली, टोपल्या, सगळं पाहुण्यांना. ते वाटून झालं, आणि मग सासूबाई ऑर्व्हिलकाकांच्या कानाशी लागल्या. काकांनी माइक तोंडाशी धरला.

"आता या आईला आणखी एक बोलायचंय. ती म्हणते, माझा एक जावई आहे. मी त्याच्याशी बोलत नाही, कारण मी त्याला मान देते. आज तो उजाडल्यापासून माझ्या मुलीसाठी आगीशी बसून होता. कोणी सांगितलं म्हणून नाही. त्याने स्वतःहून मागून घेतलं."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. सासूबाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, शाल डोक्यावर. माझे डोळे भरून आले. धुरामुळे आहे असं मी शेजारच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, धूर कुठे आहे. इतकी वर्षं त्या पाठीकडे बघत आलो, आणि तिच्यात माझ्यासाठी एवढं होतं, हे आज माइकवरून कळलं.

"तर या जावयाच्या मानासाठी," ऑर्व्हिलकाका पुढे म्हणाले, "त्या घरातली त्याची सगळ्यात लाडकी वस्तू, त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली, ही आई आपल्या सगळ्यात लांबून आलेल्या पाहुणीला देत आहे. फिलोमीन, उठा. तुम्हाला स्मोकर मिळाला आहे."

टाळ्या पडल्या. अशा वेळी ज्याच्या नावाने दिलं जातं त्याने पुढे जाऊन हसून हात मिळवायचा असतो. मी पुढे गेलो, हसलो आणि हात मिळवला. ट्वायला ओठ दाबून छताकडे बघत होती. डेल्मारला खुर्चीवर बसावं लागलं.

घरी येऊन मी आणि डेल्मारने तो स्मोकर उचलून फिलोमीन आजींच्या पिकअपमध्ये चढवला. माणसाने आपल्या हाताने केलेली वस्तू आपल्या हाताने दुसऱ्याच्या गाडीत ठेवताना काय वाटतं ते मी सांगत नाही. मी दोरीने तो बांधला, झाकण उघडून आजींना दाखवलं, लाकूड कुठे घालायचं, धूर कुठून जातो, सगळं नीट समजावून सांगितलं. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी वाकून आत डोकं घातलं आणि भिंतीवर बोट फिरवलं.

"लाकूड नको मला," त्या म्हणाल्या. "माझ्या कोंबड्यांना घर हवं होतं. हे आतून कोरडं राहतं ना पण? कोंबड्यांना ओल सोसत नाही."

डेल्मारने माझ्याकडे पाहिलं. बोलायची त्याची पाळी होती, रीतीप्रमाणे. पण आज आईसारखा तोही मला मान देऊन गप्प राहिला.

"राहतं, आजी," मी म्हणालो. "त्याची खात्री मी देतो."